ब्लू मूनला मराठीत काय म्हणावं?

ह्यूस्टनला राहणाऱ्या एका ताईंचा प्रश्न आहे. थँक्सगिव्हिंग या अमेरिकी सणाच्या सुमारास त्यांची शेजारीण म्हणाली, "वी डीप-फ्राय अ टर्की वन्स इन अ ब्लू मून," म्हणजे टर्की हा पक्षी आम्ही फार क्वचित तळतो. हे वाक्य फोनवर आईला मराठीत सांगताना त्या दोनदा अडखळल्या. डीप-फ्रायला काय म्हणायचं? आणि ब्लू मून म्हणजे नेमकं किती वर्षांनी?

डीप-फ्राय सोपं आहे. 'खोल तळणे' म्हणू नका. पुरी तळतो, वडे तळतो म्हटलं की कढईभर तेल त्यात आलंच. थोड्या तेलावर हलवलं तर ते परतणं. घोटाळा फक्त मासळीचा. सुरमईची तुकडी तव्यावर चमचाभर तेलात होते, तरी ती 'तळलेली'च. म्हणून टर्कीला मी 'तेलात सोडणे' सुचवेन. भजी तेलात सोडतात तसंच, आणि इथे तर शब्दशः: चार-पाच किलोचा अख्खा पक्षी आकड्याला अडकवून उंच पातेल्यातल्या तेलात हळूहळू खाली सोडतात. ही रीत अमेरिकेच्या लुइझियाना राज्यातल्या केजन, म्हणजे फ्रेंच वंशाच्या, लोकांची. तेल बहुधा शेंगदाण्याचं, साधारण १७५ अंश सेल्सिअसला तापवलेलं. ओव्हनमध्ये तीन तास घेणारा पक्षी त्यात पाऊण तासात होतो. मात्र गोठवून आणलेल्या पक्ष्यातला बर्फ पुरता वितळलेला आणि पक्षी कोरडा हवा. आत बर्फ राहिला तर त्याची क्षणात वाफ होते, पाण्याच्या सुमारे १७०० पट फुगते, तेल उसळून खालच्या जाळावर पडतं आणि भडका उडतो. म्हणून हा उद्योग घरापासून दूर, अंगणातच करायचा. शेजारीण तो क्वचितच करते यात नवल नाही.

आता ब्लू मून. आज सगळीकडे सांगतात तो अर्थ, म्हणजे एका इंग्रजी महिन्यातली दुसरी पौर्णिमा, वाक्प्रचाराहून बराच अलीकडचा आहे आणि चुकीतून जन्मला आहे. अमेरिकेच्या मेन राज्यातलं शेतकऱ्यांचं पंचांग एका ऋतूत तीनऐवजी चार पौर्णिमा आल्या तर तिसरीला ब्लू मून म्हणे. १९४६ साली 'स्काय अँड टेलिस्कोप' मासिकातल्या एका लेखात त्याचा अर्थ चुकून 'महिन्यातली दुसरी' असा लावला गेला. मासिकाने १९९९ मध्ये चूक मान्य केली, पण तोवर ती रूढ झाली होती. वाक्प्रचाराचं मूळ त्याहून फार जुनं. १५२८ सालच्या एका इंग्रजी पुस्तिकेत 'चंद्र निळा आहे असं त्यांनी सांगितलं तरी आपण खरं मानायचं' अशा आशयाच्या ओळी आहेत, रोख धर्मगुरूंवर. म्हणजे निळा चंद्र ही आधी अशक्य गोष्ट होती, दुर्मिळ ती नंतर झाली. तशी ती अगदीच अशक्यही नाही. १८८३ मध्ये क्राकाटोआ ज्वालामुखी फुटल्यावर हवेतल्या बारीक कणांमुळे लोकांना खरोखर निळसर चंद्र दिसला होता.

पौर्णिमांचा हिशोब मराठी माणसाला ओळखीचा वाटेल. १९ वर्षांत इंग्रजी महिने २२८, पौर्णिमा २३५. वरच्या सात पौर्णिमा कुठे तरी बसवायच्या, तेच साधारण सात ब्लू मून. आपल्या पंचांगातही १९ वर्षांत सात अधिक महिने येतात, कारण हिशोब तोच. २०२३ च्या ऑगस्टमध्ये दोन पौर्णिमा आल्या, तेव्हा पहिली अधिक श्रावणातली होती आणि दुसरी निज श्रावणातली, म्हणजे नारळी पौर्णिमा! दर वेळी असं जुळत नाही. २०१८ मध्ये जानेवारी आणि मार्च दोन्हींत दोन-दोन पौर्णिमा होत्या, अधिक महिना मात्र त्यानंतरचा ज्येष्ठ.

म्हणून 'अधिक महिन्यात एकदा टर्की तळते' म्हणावं का? नाही. आईला धोंड्याचा महिना, जावयाचं वाण आणि अनारसे आठवतील, नाही तर 'दुष्काळात तेरावा महिना'. त्यात दुर्मिळपणा नाही, जादा भार आहे.

मराठीत यासाठी निदान तीन नेमके शब्दप्रयोग आहेत आणि ते एकमेकांच्या जागी चालत नाहीत, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. बऱ्याच गोष्टी एकदम जुळून याव्या लागतात तेव्हा 'कपिलाषष्ठीचा योग'. भाद्रपद वद्य षष्ठी, मंगळवार, रोहिणी नक्षत्र, व्यतीपात आणि हस्तातला सूर्य, एवढं सगळं एका दिवशी यावं लागतं. दोन्ही भाऊ एकाच वेळी सुट्टीवर आले तर हा शब्द शोभतो. दिसेनासा झालेला माणूस 'उंबराचं फूल' होतो. आणि एखादी गोष्ट आपण करतो, पण फार दिवसांनी कधी तरी, तिथे 'सटीसहामाशी', बोलताना सटीसामाशी. शेजारणीचं वाक्य या तिसऱ्या घरातलं आहे.

सहामाशी म्हणजे दर सहा महिन्यांनीच का, असा प्रश्न इथे कुणी विचारत नाही. ब्लू मूनचंही तेच. त्या बाईंनी वर्षं मोजलेली नाहीत. ताई, आईला एवढंच सांगा: "आमची शेजारीण अख्खी टर्की तेलात सोडते गं, पण सटीसामाशी."