अ‍ॅडाप्टर प्रोटीन स्वतः काही रिअ‍ॅक्शन करत नाही, मग ते सिग्नलिंग आणि प्रोटीनची मोडतोड कसं कंट्रोल करतं?

"स्वतः काही करत नाही" हे वाचलं आणि राहवलं नाही. इथेच नाशकात एमएस्सीच्या व्हायव्हाला एक्स्टर्नल सर चहात बिस्कीट बुडवत मला म्हणाले होते, अ‍ॅडाप्टर म्हणजे नुसता दलाल, त्याच्यावर एवढी पानं कशाला घालवलीत. माझे मामा पंचवटीच्या मार्केट यार्डात अडते, त्यामुळे तो शब्द जरा जास्तच झोंबला. मामा टोमॅटो पिकवत नाहीत की ट्रक भरत नाहीत, पण कुठला माल कुणासमोर मांडायचा ते बघतात, आणि भाव तिथेच ठरतो. अ‍ॅडाप्टरही तेच करतो, एका प्रोटीनला दुसऱ्यासमोर आणून ठेवतो.

ग्रब२ नावाचा अ‍ॅडाप्टर घ्या. मधे एक एसएच२ (फॉस्फेट लागलेलं टायरोसिन पकडणारा भाग), दोन्ही बाजूंना एसएच३ (दुसरं प्रोटीन धरणारे भाग), बस्स. ईजीएफ (पेशीला वाढायला सांगणारा बाहेरचा सिग्नल) त्याच्या रिसेप्टरला, म्हणजे ईजीएफआरला, चिकटला की रिसेप्टरच्या आतल्या शेपटीतल्या टायरोसिनवर फॉस्फेट लागतात, एसएच२ तिथे बसतो आणि एसएच३ने धरलेलं सॉस हे प्रोटीन मेंब्रेनपाशी येतं, आणि सिग्नलचा स्विच असलेला रास तर तिथेच असतो. सॉसमुळे रासवरचा जीडीपी सुटतो (स्विच बंद असतानाचा), जीटीपी बसतो (चालू असतानाचा), पुढे एमएपी कायनेज, म्हणजे सिग्नल आत पोचवणारी एन्झाइमची साखळी, सुरू. सॉस पेशीत आधीपण होताच की, फक्त रासपासून लांब. सगळा कंट्रोल जागेचा आहे.

इथपर्यंत सरांनी मान हलवली. मग मी म्हटलं, हाच ग्रब२ एसएच३ने सीबीएललापण रिसेप्टरवर आणतो आणि सीबीएल त्याच रिसेप्टरला युबिक्विटिन (मोडीत काढायची खूण म्हणून लागणारं छोटं प्रोटीन) लावतो, म्हणजे सिग्नल चालू करणारा आणि रिसेप्टर मोडीत काढायला माणूस आणणारा एकच. तर म्हणे सीबीएल अ‍ॅडाप्टर की एन्झाइम, एक काय ते सांगा. मी म्हटलं दोन्ही. "दोन्ही असं नसतं." अहो असतं! फॉस्फोटायरोसिन पकडणारा भाग वेगळा, ई२ला (युबिक्विटिन घेऊन येणाऱ्या एन्झाइमला) धरणारा रिंग नावाचा भाग वेगळा, प्रोटीन एकच. उंदरांच्या व्हायरसमधला व्ही-सीबीएल, म्हणजे सीबीएलचा तुटका अवतार, बघा, त्यात रिंगच नाही, तो रिसेप्टरवर जागा अडवून बसतो पण युबिक्विटिन लावत नाही, आणि उंदरांना लिम्फोमा (एक प्रकारचा कॅन्सर) होतो. मी बरीच भांडले, मार्क कापले ते कापलेच.

हां, सीबीएल दरवेळी ग्रब२च्याच हाताने येतो असं नाही, तो रिसेप्टरवर थेटपण बसतो. आणि ईजीएफआर शेवटी मुख्यतः लायसोझोममध्ये (पेशीतली पचवणारी पिशवी) जातो, युबिक्विटिन दिसलं की लोक डोळे मिटून प्रोटिअझोम (प्रोटीन तोडणारं यंत्र) लिहितात. प्रोटिअझोमचंच उदाहरण हवं तर कीप१ लिहा, तो एनआरएफ२ला (पेशीच्या बचावाचे जीन चालू करणाऱ्या प्रोटीनला) धरून कलिन३च्या लायगेजसमोर, म्हणजे युबिक्विटिन लावणाऱ्या एन्झाइमसमोर, ठेवतो, आणि ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस आला की कीप१चे सिस्टीन (त्यातली काही अमिनो आम्लं) बदलतात, मग एनआरएफ२ वाचतो.

परीक्षेसाठी विचारत असाल तर सीबीएलची आकृती काढा, दोन भाग दोन रंगांनी, खाली स्पष्ट लिहा, अ‍ॅडाप्टरही आणि लायगेजही. पण हे थिअरीतच लिहा, तिथे निदान रिव्हॅल्युएशन मागता येतं, व्हायव्हाचं मागता येत नाही.