गायक-गीतकार नव्हे, वाग्गेयकार

एका वाचकाने विचारले आहे की, २०१९ साली बराक ओबामा यांच्या आवडत्या गाण्यांच्या यादीत ज्यांचे गाणे आले त्या प्रतीक कुहाड यांच्यासारख्या, स्वतःच शब्द लिहून, स्वतःच चाल बांधून, गिटारवर स्वतःच गाणाऱ्या स्वतंत्र फोक पॉप कलावंतांना मराठीत ‘गायक-गीतकार’ म्हणावे काय, आणि त्यांच्या गाण्यांना ‘लोकगीते’ म्हटलेले चालेल काय. ‘गायक-गीतकार’ म्हणू नये. निवेदकांच्या तोंडी हा जोडशब्द ऐकून मी त्रासलो आहे. मराठीत गीतकार केवळ शब्दांचा धनी असतो. १९५५ साली पुणे आकाशवाणीवर सुरू झालेल्या गीतरामायणाचे गीतकार माडगूळकर आणि संगीतकार सुधीर फडके, ही वाटणी आपल्या कानांत इतकी मुरली आहे की ‘गायक-गीतकार’ म्हणताच चाल कोणा तिसऱ्याची असणार असे वाटते.

नेमका शब्द ‘वाग्गेयकार’ हा आहे. (‘वागेयकार’ लिहिणाऱ्यांनी वाक् आणि गेय यांचा संधी एकदा सोडवून पाहावा.) जो वाणीही रचतो आणि गेयही, तो वाग्गेयकार, अशी व्याख्या शार्ङ्गदेवाने तेराव्या शतकात ‘संगीतरत्नाकर’ ग्रंथाच्या प्रकीर्णकाध्यायात दिली आहे. शब्दांना तो ‘मातु’ म्हणतो आणि स्वररचनेला ‘धातु’. धातु हा ‘धा’ म्हणजे ठेवणे यापासून आला. मातु हा ‘मा’ म्हणजे मोजणे यापासून आला असावा, म्हणजे तो मात्रेचा सख्खा भाऊ ठरतो, असा माझा तर्क आहे. धातूशी यमक जुळावे एवढ्यासाठीच तो घडवला, असे कोणी म्हटले तरी मी हा तर्क सोडणार नाही, कारण आधी चालीचा पाया ठेवायचा आणि मग त्यावर शब्द मोजून बसवायचे, हे चित्र फार सुरेख आहे. शार्ङ्गदेवाची प्रतवारी तर कवींना झोंबेल अशीच आहे: चाल उत्तम पण शब्द दुबळे असतील तर तो रचनाकार मध्यम, शब्द रम्य पण चाल दुबळी असेल तर अधम. परक्या चालीवर शब्द बसवणाऱ्याला त्याने ‘कुट्टिकार’ असे वेगळेच नाव दिले आहे. आपल्या चित्रपटसृष्टीत त्यांची वाण नाही.

हा शब्द कर्नाटक संगीतातले थोर रचनाकार त्यागराज यांच्या दक्षिणेचा, मराठीला परका, असे सांगणाऱ्या पंडितांनी देवगिरीचा किल्ला कोठे आहे ते पाहावे. शार्ङ्गदेव त्याच देवगिरीच्या सिंघण यादवाच्या पदरी होता, आणि तोही राज्याचे हिशेब सांभाळणारा अधिकारी म्हणून. शब्द आपल्या अंगणातला. दक्षिणेने तो वापरात ठेवला आणि आपण माळ्यावर टाकला.

राहिले ‘लोकगीत’. जात्यावरच्या ओवीला कर्त्याचे नाव चिकटलेले नसते, म्हणून ती लोकांची. कुहाड यांच्या गाण्यावर त्यांचे नाव आहे, आणि तेथला ‘फोक’ हा गिटारच्या साध्या साथीवर गाण्याच्या पाश्चात्त्य शैलीचा आहे. त्याला खुशाल ‘फोक पॉप’च म्हणावे.