एकरंगी मायक्रोअ‍ॅरे पहिल्यांदा करताय?

मायक्रोअ‍ॅरे म्हणजे हजारो जनुकांची सक्रियता एकदम मोजणारी काचेवरची ठिपक्यांची जाळी. एकरंगी पद्धतीत प्रत्येक नमुन्याला स्वतंत्र अ‍ॅरे मिळतो, दुसऱ्या रंगाचा आधार नसतो. म्हणून अ‍ॅजिलेंट कंपनीच्या आठ अ‍ॅरेंच्या स्लाइडवर कंट्रोल आणि उपचारित नमुने मिसळून लावा. सगळे कंट्रोल एका स्लाइडवर गेले, तर दिसलेला फरक औषधाचा की स्लाइडचा, हे कुठलंही नॉर्मलायझेशन (आकडे तुलनेयोग्य करणारी गणिती दुरुस्ती) सांगणार नाही.

आरएनएचा आरआयएन (तो किती शाबूत आहे हे सांगणारा १ ते १० चा आकडा) ७ च्या खाली असेल तर तो नमुना सोडाच. लेबलिंगनंतर, म्हणजे साय-३ हा चमकणारा रंग जोडल्यावर, सीआरएनए (नमुन्याच्या आरएनएपासून बनवलेली प्रत) स्तंभातून शुद्ध करून नॅनोड्रॉप या प्रकाशशोषण मोजणाऱ्या यंत्रावर मोजा: दर मायक्रोग्रॅममागे साय-३ किमान ६ पिकोमोल हवा. ८×६०के (आठ अ‍ॅरे, प्रत्येकी साधारण ६० हजार ठिपके) स्लाइडच्या प्रत्येक अ‍ॅरेसाठी ६०० नॅनोग्रॅम सीआरएनए घेऊन ६० अंशांवर बरोबर ३० मिनिटं त्याचे तुकडे करायचे. जास्त वेळ ठेवलं की तुकडे फार लहान होतात.

मग हायब्रिडायझेशन, म्हणजे हे तुकडे स्लाइडवरच्या जुळणाऱ्या ठिपक्यांना चिकटू देणं: फिरत्या ओव्हनमध्ये ६५ अंश, १७ तास, १० आरपीएम. ओव्हनमध्ये ठेवण्याआधी, स्लाइडचा चेंबर बंद केल्यावर तो उभा धरून फिरवा. आतला हवेचा बुडबुडा सरकला पाहिजे. अडकलेला दिसला तर चेंबर टेबलावर हलकेच आपटा, नाहीतर स्कॅनमध्ये तिथे काळा डाग येतो.

दुसरं वॉश बफर (स्लाइड धुण्याचं द्रावण) ३७ अंशांवर आदल्या रात्रीच ठेवा (हे हमखास विसरतं). त्यातून स्लाइड सावकाश, एकाच वेगात बाहेर काढा, थेंब राहू देऊ नका.