इंग्रजीत 'एस' अनेकवचनाचा असतो, मग 'ही गोज' आणि 'दे गो' असं उलटं का?

तुम्ही प्रश्नात दिलेलं वाक्य पाहून हसू आलं, कारण ते माझ्या फार ओळखीचं आहे: 'माय फादर वर्क इन अ बँक'. नियम पाठ आहे तरी बोलताना एस निसटतो, आणि 'बॉइज'मधला एस अनेकवचनाचा असेल तर एकट्या 'ही'च्या क्रियापदाला तो कशाला, असं तुम्ही विचारलंय. मी वीसेक वर्षं माध्यमिक शाळेत इंग्रजी शिकवतोय. हे वाक्य वह्यांमध्ये किती वेळा लाल केलं असेल, देव जाणे. पण मुलं तिथंच का चुकतात हे मला बऱ्याच उशिरा कळलं.

एकदा नववीला 'माझं कुटुंब' यावर दहा ओळी लिहायला दिल्या होत्या. एका मुलीच्या वहीत 'माय ब्रदर प्लेज क्रिकेट' बरोबर, 'माय मदर कुक्स' बरोबर. त्याच पानावर 'माय फादर वर्क' आणि 'माय ग्रँडफादर टेल स्टोरीज'. भावाला एस, आईला एस, बाबा आणि आजोबा मात्र कोरडे. तेव्हा ट्यूब पेटली. तिच्या मनात मराठी चालू होतं: भाऊ खेळतो, आई स्वयंपाक करते, पण बाबा काम करतात, आजोबा गोष्टी सांगतात. आदरार्थी अनेकवचन! पोरीनं नियम मोडला नव्हता, जरा जास्तच पाळला होता.

तुमचीही अडचण बहुतेक तीच आहे. इंग्रजी क्रियापदाला वडील, सर, मुख्यमंत्री सगळे सारखेच. माणूस एक असेल तर क्रियापद एकवचनी, मग तो राजा का असेना. त्यामुळे ज्यांचा मराठीत मान राखतो त्यांच्याबद्दल इंग्रजी बोलताना मनातल्या मनात त्यांना क्षणभर 'तो' म्हणा. बाबांना ऐकू जाणार नाही.

इंग्रजीनंही असा मान एकेकाळी दिला होता बरं का, पण फक्त समोरच्या माणसाला. तेव्हा 'तू'साठी 'दाऊ' होतं आणि 'यू' म्हणजे तुम्ही. पुढे जो तो समोरच्याला 'तुम्ही'च म्हणायला लागला आणि 'दाऊ' मागे पडलं. म्हणून समोर एकच जण असला, अगदी घरचं कुत्रं असलं, तरी 'यू आर' आणि 'यू गो'. व्याकरणाच्या दृष्टीनं तो 'तुम्ही जाता'च आहे.

आता एसकडे येऊ. 'बॉइज'चा एस आणि 'गोज'चा एस यांचं आडनाव एक, घराणी वेगळी. आपल्याकडेही आहे की असं. 'आंबा'चं 'आंबे' होतं तेव्हा शेवटचा ए अनेकवचनाचा, आणि 'ती जाते' मधला ए एकवचनाचा. आपण कधी गोंधळतो का? जुन्या इंग्रजीत मराठीसारखेच प्रत्येक कर्त्याला वेगळे प्रत्यय होते. 'दाऊ गोएस्ट', 'ही गोएथ' असे. काळाच्या ओघात ते झिजून गळून पडले आणि साध्या वर्तमानकाळात 'ही, शी, इट'चा तेवढा टिकला. तोही मूळचा 'एथ'. एस हा इंग्लंडच्या उत्तरेकडच्या बोलींमधला, तो हळूहळू दक्षिणेत उतरला आणि लंडनमध्ये रुळला. शेक्सपिअर 1616 मध्ये वारला. त्याच्या लिखाणात 'हॅथ' आणि 'हॅज' दोन्ही सापडतात. 1611 सालच्या इंग्रजी बायबलात मात्र 'एथ'च. म्हणजे तुम्हाला छळणारा हा एस आडवळणाच्या बोलीतून आलेला पाहुणा आहे. आणि इंग्लंडच्याच पूर्वेला, नॉरफोकच्या बोलीत, तो गाळून 'ही गो' म्हणतात. आपणही बोलताना 'तू जातोस' मधला स गिळून 'तू कुठे जातो?' म्हणतोच ना. अर्थात मुलाखतीत नॉरफोकचा दाखला देऊ नका.

सगळ्यात जास्त लाल शाई मात्र 'डज'वर सांडते: 'ही डजन्ट नोज', 'डज शी वर्क्स?'. इथे मी मुलांना मराठी नकार आठवायला सांगतो. तो जातो, ते जातात. नकार केला की तो जात नाही, ते जात नाहीत. पाहिलंत? 'जातो'चा 'ओ' आणि 'जातात'चा 'आत' गेले, उरलं नुसतं 'जात', आणि वचन 'नाही-नाहीत'वर जाऊन बसलं. 'तो जातो नाही' असं लहान मूलही म्हणत नाही. इंग्रजीतही तेच घडतं. 'ही गोज'चा एस 'डजन्ट'नं उचलला, म्हणून 'गो' मोकळा राहिला. प्रश्नातही हेच: 'डज शी वर्क?' हे एकदा पटलं की ही चूक आपोआप कमी होते, असा माझा अनुभव आहे.

लांबलचक कर्त्यांना घाबरू नका. 'वन ऑफ माय फ्रेंड्स लिव्ज इन नाशिक' मध्ये 'फ्रेंड्स' दिसलं की मुलं 'लिव्ह' करतात, पण 'माझ्या मित्रांपैकी एक नाशिकला राहतो' यात 'राहतात' म्हणायचं कुणाच्या मनात येत नाही. कर्ता शोधायला तुम्ही शाळेत कर्तरी प्रयोगात शिकलाच आहात, तेच इथे वापरा. फसगत होते ती रकमेत: आपण 'पाचशे रुपये पुरतात' म्हणतो, इंग्रजीत ती एक रक्कम, म्हणून 'फाइव्ह हंड्रेड रुपीज इज इनफ'. 'न्यूज'ही एकवचनी, शेवटी एस दिसला तरी.

वर्गात हमखास कुणीतरी विचारतं, मग 'गॉड ब्लेस यू' का, 'ब्लेसेस' का नाही? कारण तो वर्तमानकाळच नाही, ती इच्छा आहे. 'देव तुमचं भलं करतो' आणि 'देव तुमचं भलं करो' यात जो फरक, तोच. 'कॅन', 'मस्ट' यांना एस न लागण्याचं कारण वेगळं: ती मुळात भूतकाळाची रूपं, पुढे वर्तमानाच्या अर्थानं वापरात आली.

राहता राहिलं तुमचं वाक्य. नियम कळूनही एस गळतो त्याचं एक कारण जिभेचं आहे. 'वर्क्स'च्या शेवटी दोन व्यंजनं लागोपाठ येतात आणि दुसरं गिळलं जातं. त्यासाठी एस पुढच्या शब्दाला चिकटवा: 'माय फादर वर्क-सिन अ बँक'. 'लिव्ज इन'चं 'लिव्-झिन', 'ईट्स अ'चं 'ईट्-स'. पुढचा शब्द व्यंजनानं सुरू झाला तर ही युक्ती चालत नाही, तिथे सावकाश बोला.