कडक भाकरी लडाखला कशी पाठवू?

प्रश्न : माझा मुलगा लडाखला आहे. मागच्या महिन्यात कडक भाकरी आणि शेंगाचटणी पाठवली. भाकरीचा चुरा झाला, चटणी खवट निघाली. तो म्हणतो, पाकिटातल्या जेवणानं पोट भरतं, पण घास जात नाही. आपली भाकरी जवानांच्या रेशनात येऊ शकेल का?
– एक आई, बाळीवेस, सोलापूर

उत्तर : ताई, मी वीस वर्षं फौजेच्या लंगरात स्वयंपाक केला. त्यातले दोन हिवाळे पंधरा हजार फुटांवर काढले. तिथं पाणी ८५ अंशांच्या आसपासच उकळतं. उघड्या पातेल्यात तूरडाळ कितीही शिजवा, दाणा बोटाला टणकच लागायचा. कुकरशिवाय इलाज नाही. त्यात उंचीवर भूकच मरते. वाढलेलं ताट तसंच परत आलं की मला जेवण गोड लागायचं नाही.

पाकिटातलं जेवण मात्र वाईट नाही हो. म्हैसूरची संरक्षण अन्न संशोधन प्रयोगशाळा १९६१ पासून याच कामात आहे. अॅल्युमिनियमचा थर असलेल्या पाकिटात भाजी बंद करून ती १२१ अंशांच्या आसपास दाबाखाली तापवतात. मग फ्रिजशिवाय महिनोन्‌महिने टिकते. पण एवढ्या आचेनं सगळं मऊ पडतं. दाताखाली काही कुरकुरीत यावं म्हणून पोरं तरसतात. तिथं आपली भाकरीच हवी.

भाकरीतलं पाणी उडालेलं असतं, म्हणून बुरशी धरत नाही. रेशनात यायचं तर प्रत्येक भाकरीची जाडी आणि ओलावा सारखा हवा, आणि वाटेत ती फुटता कामा नये. बचत गटांनी तळहाताएवढी भाकरी करून पाहावी. मोठी भाकरी काठाला धरली की मधोमध तडकते.

चटणी खवट होते ती शेंगदाण्याच्या तेलाला हवा लागून. हवा काढून एकेका जेवणापुरती छोटी पाकिटं करून घ्या. हवा राहिली तर उंचीवर पाकीट फुगतं. लसूण मात्र ओला घालू नका, पूर्ण वाळवून घाला. हवाबंद पाकिटात ओल राहिली तर विषारी जंतू वाढू शकतात, आणि वासावरून ते कळतही नाही.

यावेळी भाकरी पत्र्याच्या डब्यात, मधे कागद घालून, घट्ट रचून पाठवा. आणि मुलाला सांगा, अर्धी गरम वरणात कुस्करायची, अर्धी कोरडीच चावायची.