घरच्या फ्लाइट सिमसाठी रडर पेडल्स कुठली घ्यावीत? ट्विस्टवाली जॉयस्टिक असताना खरंच गरज आहे का?

तुमचा प्रश्न नीट वाचला. मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटरमध्ये जास्त करून सेसना १७२ आणि मधूनमधून एअरबस ए३२० उडवता, जॉयस्टिकचा दांडा पिळून रडर (शेपटीवरची उभी फळी, जी नाक डावी-उजवीकडे वळवते) देता, टेबलाखाली जागा बेताची आहे, खाली टाइल्स आहेत, आणि आता अडलंय ते असं की स्वस्तातली पेडल्स आत्ता घ्यावीत की थांबून महागातली घ्यावीत.

घ्या, नक्की घ्या. १७२ उडवणाऱ्याला पेडल्ससारखी दुसरी कुठलीच वस्तू एवढा फरक देत नाही, अगदी नवीन ग्राफिक्स कार्डसुद्धा नाही. फक्त निवडताना ब्रँड, लोखंड की प्लास्टिक, लायटिंग वगैरे सगळं बाजूला ठेवा आणि एकच गोष्ट बघा, मधला अर्धा इंच. म्हणजे पेडल्स मध्यावर असताना पायाने अगदी थोडासा दाब दिला तर ती तेवढीच थोडी हलतात का, की आधी अडकतात आणि मग एकदम धक्क्याने सरकतात. बाकी सगळं यानंतर.

का ते सांगतो. १७२ चा प्रोपेलर कॉकपिटमधून बघितला तर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतो, त्यामुळे फुल पॉवर दिली की इंजिनाचा टॉर्क, प्रोपेलरच्या हवेचा पिळ शेपटीवर डावीकडून आदळणं आणि नाक वर उचललं की उजवीकडच्या पात्याने जास्त ओढणं, हे सगळं मिळून नाक डावीकडे जायला लागतं. मग ५५ नॉटला विमान उचलेपर्यंत आणि नंतर पूर्ण क्लाइंबभर उजवा पाय थोडा थोडा दाबून ठेवावा लागतो, आणि तो दाब वेगाप्रमाणे सारखा बदलत राहतो. वळताना पण तेच, एलेरॉनने (पंखांच्या मागच्या कडेच्या हलणाऱ्या पट्ट्यांनी) डावीकडे झुकवलं की नाक आधी उजवीकडे जातं, ते पायाने सावरायचं. पॅनेलवरचा बॉल (विमान तिरकं घसरतंय का ते दाखवणारी नळीतली गोळी) ज्या बाजूला पळेल त्या बाजूचं पेडल दाबायचं हा नियम तुम्हाला माहीत असेलच. पण यातलं एकही काम पूर्ण पेडल दाबून होत नाही, सगळं मध्याच्या आसपास चालतं. गाडी चढावर हाफ क्लचवर धरतो ना तसाच हा पायाचा अंदाज आहे, आणि पेडल मध्यावर चिकटत असेल तर तो अंदाज कधी येतच नाही.

दांडा पिळून हे जमत नाही असं नाही, वर्षानुवर्षं लोक तसंच उडवतात. पण एकाच मनगटाने झुकवायचं पण आणि पिळायचं पण म्हटलं की एक करताना दुसरं थोडं होतंच. लँडिंगला तर जास्तच. समजा पावसाळ्यात मुंबईच्या २७ नंबरच्या धावपट्टीवर (म्हणजे नाक २७० अंशांकडे) उतरताय आणि वारा २४० अंशांच्या दिशेकडून २० नॉट आहे, म्हणजे डावीकडून १० नॉटचा आडवा वारा झाला. नाक डावीकडे ठेवून येताय, आणि शेवटी जमिनीच्या जवळ उजवा रडर देऊन नाक सरळ करायचं, त्याच वेळी डावा पंख किंचित खाली धरायचा. म्हणजे हात डावीकडे आणि रडर उजवीकडे. हे हात आणि पाय वेगळे असतील तर अंगवळणी पडतं, एकाच मनगटात दोन्ही असेल तर प्रत्येक वेळी विचार करावा लागतो, आणि तेवढा वेळ तिथे नसतो. (हो, आणि सिमच्या असिस्टन्समध्ये ऑटो रडर चालू असेल तर आधी बंद करा, तो चालू असताना कुठलीही पेडल्स घेतली तरी पैसे वाया.)

आता मधला अर्धा इंच बिघडतो कशाने, तर दोन कारणं. एक घर्षण आणि स्प्रिंग. ज्या पेडल्समध्ये पायाचे ठोकळे रेलवर सरकतात तिथे सुरुवातीला रेल धरून ठेवते, तुम्ही जोर वाढवता, आणि मग ती हवं त्यापेक्षा जास्त सुटते. काहींत मध्यभागी स्प्रिंगचा खाचेसारखा टप्पा असतो, मध्य सापडावा म्हणून, पण त्या टप्प्यातून बाहेर पडायलाच जोर लागतो आणि बारीक काम तिथेच मरतं. चांगल्या पेडल्समध्ये दोन्ही पाय एका बेअरिंगवर किंवा वरून लोंबणाऱ्या दांड्यांवर फिरतात, आणि स्प्रिंग एका कॅमवर (उंचसखल कडेच्या तुकड्यावर) दाबते, त्यामुळे मध्य कळतो पण अडत नाही.

दुसरं कारण सेन्सर. स्वस्त पेडल्समध्ये पोटेन्शिओमीटर असतो, म्हणजे जुन्या रेडिओच्या आवाजाच्या बटणात असतो तसला, आत एक पट्टी घासत फिरते. घासणारी वस्तू झिजते आणि तिच्यात धूळ जाते, आणि पेडल्स तर जमिनीवरच असतात, घरातली सगळी धूळ तिथेच. मग मध्यावर पाय स्थिर ठेवला तरी रडर आपोआप थरथरायला लागतो. माझ्या आधीच्या पेडल्सना हे झालं होतं, काँटॅक्ट क्लीनरचा स्प्रे मारला की काही महिने बरं असायचं आणि पावसाळ्यात परत सुरू. हॉल सेन्सरमध्ये लोहचुंबक आणि सेन्सर एकमेकांना शिवत नाहीत, त्यामुळे झिजायला काही नाही. धूळ आणि दमट हवा असेल तर मी सेन्सरसाठी जास्त पैसे द्यायला सांगेन, धातूच्या बॉडीसाठी नाही.

आता नावं घेऊन बोलतो. थ्रस्टमास्टरची टी.फ्लाइट पेडल्स सगळ्यात स्वस्तातली, टी.१६००० जॉयस्टिकच्या मोठ्या पॅकमध्येही हीच येतात. रेलवर सरकणारी आहेत, आत पोटेन्शिओमीटर आहे, आणि दोन्ही पाय एकमेकांच्या फार जवळ येतात. उंची कमी असेल तर चालून जातं, उंच आणि लांब पायांच्या माणसाला गुडघे चिकटवून बसावं लागतं. लॉजिटेकची पेडल्स म्हणजे जुनी सायटेकचीच, २०१६ मध्ये लॉजिटेकने सायटेक विकत घेतलं तेव्हापासून हे नाव. यात पाय मोकळे राहतात आणि मध्ये एक नॉब आहे त्याने स्प्रिंग कडक-सैल करता येते. सैल बाजूलाच ठेवा, कडक केलं की मध्य जास्त अडतो. सेन्सर इथेही पोटेन्शिओमीटरच. भारतात सहज मिळणाऱ्यांत या दोघांपैकी निवडायचं तर मी लॉजिटेक घेईन, पाय मोकळे राहतात एवढ्या एका कारणासाठी.

त्याच्या वर गेलात की व्हीकेबीचा टी-रडर येतो, छोटासा, टेबलाखाली कमी जागेत मावतो, सेन्सर बिनघर्षणाचा, मध्य फारच सुंदर. पण त्याला टो ब्रेक नाहीत, म्हणजे चवड्याने दाबायचे ब्रेक नाहीत. तुमच्यासाठी हा मोठा मुद्दा आहे. १७२ मध्ये पेडलने पुढचं चाक दोन्ही बाजूंना साधारण १० अंशच वळतं, त्यापुढे वळायचं तर एका बाजूचा ब्रेक दाबावा लागतो, मग ते ३० अंशांपर्यंत जातं. बटणाने ब्रेक मारून हे करता येतं पण अर्धवट ब्रेक बटणाने मिळत नाही. म्हणून १७२ वाल्याला टो ब्रेक हवेतच असं माझं मत. सगळं एकत्र हवं असेल तर क्रोएशियात बनणारी एमएफजी क्रॉसविंड किंवा थ्रस्टमास्टरची टीपीआर, हॉल सेन्सर, टो ब्रेक, मध्य छान. टीपीआर सात किलोच्या आसपास आहे, लोंबत्या दांड्यांवर चालते, आणि पाय ठेवल्याबरोबर फरक कळतो. पण बाहेरून मागवायची वस्तू असेल तर कस्टम ड्युटी आणि कुरिअर धरून हिशोब करा, वेबसाइटवरचा आकडा बघून खुश होऊ नका.

टाइल्सबद्दल विचारलंत ते फार बरं केलंत, कारण परदेशी व्हिडिओंमध्ये सगळे कार्पेटवर बसलेले असतात, काहींच्या पेडल्सना तर कार्पेटमध्ये रुतायला काटे असतात, आणि आपल्याकडे व्हिट्रिफाइड टाइलवर दोन गोष्टी होतात. पेडल्स पुढे सरकतात आणि चाकांची खुर्ची मागे जाते, आणि हे दोन्ही ब्रेक दाबताना, नेमकं उतरल्यावर. पेडल्स जड घेतली तरी खुर्ची सरकतेच, त्यामुळे नुसत्या वजनावर जाऊ नका. सगळ्यात सोपं म्हणजे खुर्चीची चाकं काढून त्या जागी स्थिर बुश लावायचे, खुर्च्या दुरुस्त करणाऱ्याकडे मिळतात. नाहीतर साधी चार पायांची खुर्ची. ते नको असेल तर खुर्चीचा खालचा दांडा आणि पेडल्सचा बेस यांच्यात एक न ताणणारा पट्टा बांधा, बॅगेला लावतात तसला, म्हणजे तुम्ही जेवढं ढकलाल तेवढं ते दोघं एकमेकांनाच धरून ठेवतात. मी शेवटी १८ मिलिमीटरच्या प्लायचा तुकडा कापून आणला, त्यावर पेडल्स स्क्रूने बसवली, खुर्चीची पुढची दोन चाकं अडतील अशी लाकडी पट्टी ठोकली, आणि खाली जुनी योगा मॅट चिकटवली. खालच्या मजल्यावर आवाज जाणं पण कमी झालं, रात्री उडवत असाल तर हे लक्षात ठेवा.

आणि आपण घरात अनवाणी असतो. हे कुठल्याच रिव्ह्यूमध्ये येत नाही. बूट घातलेला असला की टाचेखाली थोडी उंची असते आणि चवडा आपोआप ब्रेकवर जातो. अनवाणी पायाने ब्रेक दाबायला घोटा जास्त वाकवावा लागतो, पोटरी दुखते, आणि पेडलच्या धातूच्या कडा तळव्याला लागतात. टाच जमिनीवर टेकते की पेडलच्या पट्टीवर, हे घेण्याआधी फोटोत नीट बघा. टाच पट्टीवर राहणारी असतील तर पाय पेडलबरोबर सरकतो आणि आराम पडतो. टाच टाइलवर घासणार असेल तर मोजे घाला नाहीतर पाय चिकटत चिकटत जातो आणि तोच मधला अर्धा इंच पुन्हा बिघडतो. पातळ सोलचे कॅनव्हासचे बूट फक्त सिमसाठी ठेवणारेही आहेत, मला ते पटतं.

ए३२० पुरतंच असतं तर मी एवढा आग्रह केला नसता. त्यात वळताना रडर विमानच सांभाळतं, पायाला हवेत जवळजवळ काम नाही. जमिनीवर पेडल्सने पुढचं चाक फक्त ६ अंश वळतं, टॅक्सीवेची खरी वळणं टिलरने (पुढचं चाक वळवायच्या कॉकपिटमधल्या हाताच्या छोट्या चाकाने) घेतात, तो ७५ अंशांपर्यंत वळवतो, त्यामुळे तुमच्या आत्ताच्या स्टिकचा ट्विस्ट तुम्ही टिलरला लावू शकता, ही कल्पना करून बघा, फार छान जमते. पेडल्स लागतात ती टेकऑफ रोल, आडव्या वाऱ्यात उतरताना नाक सरळ करणं, आणि टेकऑफला एक इंजिन गेलं तर. तेव्हा मात्र बराच वेळ एक पाय दाबून धरावा लागतो आणि फार कडक स्प्रिंगचा त्रास होतो. पुढे हेलिकॉप्टर उडवायची इच्छा असेल तर स्प्रिंग पूर्ण सैल किंवा काढता येणारी पेडल्स बघा, कारण खऱ्या हेलिकॉप्टरचं पेडल सोडलं की मध्यावर परत येत नाही, जिथे ठेवाल तिथे राहतं.

आल्यावर लावताना तीन गोष्टी. जॉयस्टिकच्या ट्विस्टवरून रडर काढून टाका, नाहीतर दोन्हीकडून सिग्नल जातो आणि विमान वेड्यासारखं वागतं. दोन्ही ब्रेकचे ॲक्सिस उलटे आहेत का तपासा, पॉवर देऊनही विमान हलत नसेल तर नव्वद टक्के हेच असतं, पाय न ठेवता ब्रेक पूर्ण लागलेला असतो. आणि डेड झोन (मध्याजवळची जी हालचाल सिम धरतच नाही ती) शक्यतो शून्य ठेवा, थरथर असेल तरच दोन-तीन टक्के. सेन्सिटिव्हिटीची कर्व्ह (पाय किती हलला की रडर किती हलेल ती रेषा) खूप वाकवू नका, मध्य मऊ होतो पण शेवटी एकदम जोर येतो आणि पायाचा अंदाज परत नव्याने बसवावा लागतो.

म्हणून तुमच्यासाठी सरळ सांगायचं तर, बजेट ताणता येत असेल तर थांबा आणि हॉल सेन्सर प्लस टो ब्रेकवाली घ्या, नसेल तर आत्ता लॉजिटेक घ्या आणि उरलेल्या पैशात प्लाय आणि खुर्चीचे बुश. तिसरा रस्ता सेकंडहँडचा. पेडल्स लोक हौसेने घेतात आणि जागेअभावी विकतात, त्यामुळे चांगली मिळू शकतात. विकणाऱ्याला विंडोजची गेम कंट्रोलरची कॅलिब्रेशन विंडो उघडून व्हिडिओ पाठवायला सांगा, पेडल्स अगदी हळू एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न्यायची आणि मग मध्यावर सोडून दहा सेकंद हात लावायचा नाही. पट्टी उड्या मारत गेली किंवा मध्यावर सोडल्यावर हलत राहिली तर नाही म्हणा, आणि असा व्हिडिओ द्यायला जो टाळाटाळ करतो त्यालाही नाहीच म्हणा. तुमची उंची आणि टेबलाखालची खोली इंचात सांगितलीत तर रुंद पेडल्स बसतील का तेही सांगतो.