वाचक विचारतात: प्रागमध्ये तीन दिवस

प्रश्न: ताई, जूनमध्ये आई-बाबांना घेऊन प्रागला जातोय, तीन दिवस आहेत. आईचे गुडघे दुखतात आणि सगळे म्हणतात की तिथे चढ आणि दगडी रस्ते खूप, मग किल्ला सोडून द्यावा का? - एक वाचक, नाशिकरोड

उत्तर: अजिबात सोडू नका हो! फक्त खालून चढत जाऊ नका. २२ नंबरची ट्राम पकडा आणि किल्ल्याच्याही वर पोहोर्झेलेत्सला उतरा, तिथून किल्ल्यापर्यंत हळूहळू उतरत जायचं, मध्ये बसत बसत. किल्ला बघून झाला की लोक पायऱ्यांनी खाली जातात, ते मात्र टाळा कारण दुखऱ्या गुडघ्यांना चढण्यापेक्षा पायऱ्या उतरणंच जास्त त्रास देतं, मागच्या बाजूला किल्ल्याचा ट्राम स्टॉप आहे तिथून परत २२ नंबर. आत सेंट व्हिटस कॅथेड्रल नीट वेळ देऊन बघा, १३४४ला काम सुरू झालं आणि पूर्ण झालं १९२९ला, म्हणजे मधे किती पिढ्या गेल्या विचार करा. तिथे मुखा या चेक चित्रकाराने डिझाइन केलेली रंगीत काचेची खिडकी आहे, ऊन असेल तर समोरून हलावंसं वाटत नाही.

आणि तुम्ही नाशिकरोडचे म्हणून मुद्दाम सांगते, परतीच्या त्याच ट्रामने हेलिखोवा स्टॉपला उतरा, जवळच एक चर्च आहे. तुमच्याकडे फेब्रुवारीत ज्या बाळ येशूची यात्रा भरते ना, त्याची मूळ मूर्ती इथली! १६२८ला एका सरदार घराण्यातल्या बाईंनी ती इथल्या साधूंना दिली. मूर्ती जेमतेम दीड फुटाची, आणि तिचे कपडे सणावाराप्रमाणे बदलतात, आपल्याकडे देवाला वस्त्रं नेसवतात तसंच. आईंना हे सगळ्यात जास्त आवडेल असं मला मनापासून वाटतं.

चार्ल्स ब्रिज सकाळी सहा-साडेसहालाच करा, जूनमध्ये तेव्हा छान उजाडलेलं असतं. दहानंतर गर्दीत आईंचा हात सुटेल आणि तीस पुतळ्यांपैकी एकही धड दिसणार नाही.

जुन्या चौकातलं १४१०चं घड्याळ लोक दर तासाला बघतात, सांगाडा घंटा वाजवतो, वर खिडकीतून येशूचे बारा शिष्य फिरतात, शेवटी कोंबडा आरवतो, मिनिटाभरात संपतं आणि गर्दी पांगते. तुम्ही त्यानंतर पुढे व्हा आणि तबकडी बघा. सूर्य-चंद्र कोणत्या राशीत आहेत ते त्यावर दिसतं, आणि बाहेरची कडी सूर्यास्तापासून २४ तास मोजते, जुन्या बोहेमियात, म्हणजे प्रागभोवतीच्या प्रांतात, दिवस तसाच मोजायचे. बाबा पंचांग बघत असतील तर त्यांना सूर्याची रास बहुतेक दिवशी पुढची वाटेल, कारण तिथली गणना सायन, म्हणजे वसंत संपातापासून मोजलेली, आणि आपली निरयन, म्हणजे स्थिर ताऱ्यांवरून. सहाशे वर्षांपूर्वीच्या यंत्रासमोर उभं राहून हे पडताळून बघायचं, याच्याइतकी मजा त्या मिनिटभराच्या खेळात नाही.

हो, आणि ट्रामचं कागदी तिकीट काढलंत की पिवळ्या मशीनमध्ये पंच करा, मेट्रोला गेट नसतात म्हणून कोणी बघत नाही असं वाटतं पण तपासनीस येतात, पंच नसलेलं तिकीट म्हणजे विनातिकीटच. तिथे युरो नाही, कोरुना चालतो.

प्रश्न: ज्यू वस्तीचं तिकीट चौघांचं मिळून बरंच होतंय. मुलगा आठवीत आहे, तो कंटाळेल का? वगळू का? - एक वाचक, ठाणे

उत्तर: दुसरं काहीतरी वगळा, नदीतली बोट वगळा, पण हे नको. तिथल्या पिंकास सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळात, फर्निचर जवळजवळ नाही, मूर्ती नाही, बघायच्या त्या भिंती, आणि त्यावर जमिनीपासून वरपर्यंत हाताने लिहिलेली नावं, नाझींनी मारलेल्या इथल्या जवळजवळ ८० हजार ज्यूंची. लांबून नक्षी वाटते, जवळ गेलं की आडनाव, नाव, जन्मतारीख. मी एका आडनावाखालची नावं वाचत गेले आणि जन्मतारखांवरून कळत गेलं की यातली शेवटची दोघं लहान होती. ही नावं १९५०च्या दशकात लिहिली, नंतर कम्युनिस्ट राजवटीतच ती नाहीशी झाली, मग १९९०च्या दशकात पुन्हा सगळी लिहिली.

वरच्या मजल्यावर तेरेझिन इथल्या नाझी छावणीत कैदेत असलेल्या मुलांची चित्रं आहेत. फ्रीडल डिकर-ब्रँडाइस नावाच्या चित्रकार बाई तिथे कैदेत असताना मुलांना चित्रकला शिकवायच्या, १९४४ला त्यांना आउशवित्झच्या मृत्युछावणीत नेलं त्याआधी त्यांनी साडेचार हजार चित्रं दोन सुटकेसमध्ये भरून लपवली. फुलपाखरं आहेत, घरं आहेत, जेवणाचं टेबल आहे. काही मुलं तुमच्या मुलाच्याच वयाची. त्याला आधी थोडं सांगून न्या आणि आत घाई करू नका. शनिवारी बंद असतं, तेवढं बघून दिवस ठरवा.